सभापतींच्या मागची खुर्ची

उपसभापती देवरावभाऊ बोलायला उभे राहिले, तेव्हा भिंतीजवळ बसलेल्या जपानी बाईंनी हातातली पेन्सिल खाली ठेवली. भाषण त्यांना कळणार नव्हतंच. त्या देवरावभाऊंकडे बघतही नव्हत्या. त्यांची नजर मंचावरच्या सभापती मैनाबाईंवर होती, आणि मैनाबाईंच्या मागे, किंचित डावीकडे, लोखंडी खुर्चीवर बसलेल्या त्यांच्या नवऱ्यावर.

मी त्या वेळी गडचिरोली जिल्ह्यातल्या एका पंचायत समितीत विस्तार अधिकारी होतो. तालुक्याचं नाव सांगत नाही. यातली बरीच माणसं अजून आहेत आणि भेटली की चहा पाजतात. पंचायत समिती म्हणजे तालुक्यातल्या गावांचा कारभार बघणारी, निवडून आलेल्या लोकांची सभा. तिचा प्रमुख म्हणजे सभापती. सरकारने नेमलेला आणि सभेचा सचिव असलेला अधिकारी म्हणजे गटविकास अधिकारी. त्याला सगळे बीडीओ म्हणतात. विस्तार अधिकारी त्याच्या हाताखालचा. गावोगाव फिरायचं, ग्रामपंचायती तपासायच्या आणि महिन्याच्या सभेत कोपऱ्यात बसून कोण काय बोललं ते टिपायचं, हे माझं काम. या टिपणाला इतिवृत्त म्हणतात.

नव्वदच्या दशकाची अखेर होती. बायकांच्या राखीव जागा येऊन थोडाच काळ झाला होता. आमच्याकडे सभापतीची खुर्ची आदिवासी महिलेसाठी राखीव झाली आणि मैनाबाई निवडून आल्या. आतल्या जंगलातल्या गावच्या, गोंड समाजाच्या. पहिल्या सभेपासून त्यांचे यजमान दसरूभाऊ त्यांच्या मागे बसायला लागले. तसं बसायचा त्यांना काही अधिकार नव्हता. पण कोणी उठवलं नाही, आणि दोन-तीन सभांनंतर ती खुर्ची त्यांचीच झाली. शिपाई ती पुसूनही ठेवू लागला.

सभा कशी चालायची ते सांगतो. एखादा सदस्य प्रश्न विचारायचा. मैनाबाई मान डावीकडे कलती करायच्या. दसरूभाऊ पुढे वाकायचे. थोडा वेळ कुजबूज व्हायची. मग दसरूभाऊ बसल्या जागेवरून म्हणायचे, "सभापतीबाईचं म्हननं असं आहे, का..." आणि ते जे सांगतील ते मी लिहायचो, "सभापतींनी असे सांगितले की..."

आमचा झाडीपट्टीचा भाग नाटकवेडा. धान निघालं आणि मंडई, म्हणजे गावोगावच्या जत्रा, भरायला लागल्या की गावागावात स्टेज लागतं. नाटक म्हटलं की विंगेत पुस्तक घेऊन बसलेला प्रॉम्प्टर आलाच. नट वाक्य विसरतो, तो आतून सांगतो. पुढच्या रांगेतल्यांना त्याचा आवाज नटाच्या आधी ऐकू येतो आणि त्याचं कोणालाच काही वाटत नाही. त्यामुळे मागे बसून कुजबुजणारा माणूस कोण असतो, हे आमच्या तालुक्यात कोणाला समजावून सांगावं लागलं नाही. दसरूभाऊंना सगळे पाठीमागे 'प्रॉम्प्टर'च म्हणायचे. काही जण तोंडावरही म्हणायचे. ते हसायचे.

जपानी बाईंचं नाव ओकादा. वय पन्नाशीच्या पुढे, अंगाने बारीक. त्या रेशमाच्या अभ्यासक होत्या. आमच्या जंगलात ऐनाच्या झाडावर रेशमाच्या किड्यांचे कोष होतात. त्यापासून निघतं ते टसर. ते बघायला त्या आल्या होत्या. तालुक्यात फिरण्याआधी सभापतींची भेट घ्यावी म्हणून त्या ऑफिसात आल्या, तर नेमकी मासिक सभा सुरू होती. बीडीओ साहेबांनी त्यांना भिंतीजवळ, खिडकीपाशी खुर्ची दिली. दुभाष्या म्हणून मला नेमलं. "शेख, तुम्ही बी. ए. आहात ना? इंग्रजी बोला त्यांच्याशी," म्हणाले. माझं इंग्रजी वरोऱ्याच्या कॉलेजातलं, गाइड वाचून पास झालेलं. त्यांचंही तसंच अडखळतं होतं. त्यामुळे आमचं छान जमलं.

सभेनंतर साहेबांच्या खोलीत चहा झाला. देवरावभाऊही होते.

"विचारा त्यांना, कशी वाटली आमची सभा?" साहेब म्हणाले.

ओकादाबाई सावकाश बोलल्या. मी मराठीत सांगितलं, "त्या म्हणतात, सभा बघताना त्यांच्याकडच्या जुन्या बाहुल्यांच्या नाटकाची आठवण झाली."

"बाहुल्यांच्या? ते कसं काय?"

त्यांनी समजावून सांगितलं. त्या नाटकाला बुनराकु म्हणतात. बाहुली मोठी असते, अर्ध्या माणसाएवढी. एका बाहुलीला तीन माणसं लागतात. दोघांच्या अंगावर काळे कपडे आणि तोंडावर काळा बुरखा. तिसऱ्याचं तोंड बहुधा उघडं असतं. तिघंही स्टेजवर सगळ्यांसमोर असतात, पण प्रेक्षक ते नाहीतच असं धरून चालतात. बाहुलीचं बोलणं आणखी वेगळाच माणूस बोलतो. तो बाजूला बसलेला असतो.

साहेबांनी टेबलावर थाप मारली. "अहो, मग एका दिवसात बरोबर ओळखलं की यांनी! आम्हाला वर्ष लागलं!"

देवरावभाऊ हसले नाहीत. बशी खाली ठेवत त्यांनी मला विचारलं, "असं म्हनाली बाई? बाहुली?"

"नाटकासारखं वाटलं, असं म्हणाल्या."

"तेच तं."

ओकादाबाईंना आणखी काही सांगायचं होतं. त्यांनी बोट वर केलं होतं. पण तेवढ्यात जिल्हा परिषदेचा फोन आला, साहेब उभं राहून फोनवर बोलू लागले आणि आम्ही बाहेर पडलो.

पुढच्याच आठवड्यात मैनाबाईंवर अविश्वास ठराव दाखल झाला. म्हणजे सदस्यांनी लेखी म्हणायचं, की या सभापतींवर आमचा विश्वास उरला नाही. मग खास सभा बोलावली जाते, मतदान होतं. ठरलेल्या संख्येइतकी मतं पडली तर सभापतीला जावं लागतं. कारण लिहिलं होतं, 'सभापती स्वतः कारभार करत नाहीत, त्यांचे पती करतात.' खरं कारण सगळ्यांना माहीत होतं. तालुक्यात आरोग्य उपकेंद्र मंजूर होणार होतं. ते कुठे व्हावं याची शिफारस समितीने करायची होती. देवरावभाऊंना ते सडकेवरच्या त्यांच्या गावी हवं होतं. मैनाबाईंनी ते आतल्या गावासाठी लावून धरलं होतं. तिथे पावसाळ्यात नाले भरले की बाळंतीण खाटेवर टाकून आणावी लागते.

देवरावभाऊ वाईट माणूस नव्हते. तालुक्यातला प्रत्येक रस्ता त्यांना पाठ होता आणि त्यांच्या गावालाही दवाखाना नव्हताच. खुर्ची राखीव असल्याने ते स्वतः सभापती होऊ शकत नव्हते. पण त्यांच्या गटात एक आदिवासी सदस्य बाई होत्या, त्यांना बसवता आलं असतं. आता त्यांच्या हातात जपानच्या बाईंचं प्रमाणपत्र होतं. पानठेल्यावर, बस स्टँडवर, बाजारात एकच बोलणं चाललं होतं. जपानहून बाई आली, मराठी येत नाही, तरी एका सभेत तिने ओळखलं की खुर्चीत बाहुली आहे.

खास सभेला जिल्ह्याहून पीठासीन अधिकारी येतो. म्हणजे त्या दिवसापुरता सभेचा अध्यक्ष. आत फक्त सदस्य आणि कामाचे कर्मचारी. साहेबांनी दसरूभाऊंना बोलावून सांगितलं.

"त्या दिवशी तुम्ही आत बसायचं नाही. नियम आहे."

"मंग बाईनं बोलावं कसं जी?"

"तोंडाने," साहेब म्हणाले.

दसरूभाऊ दुपट्टा खांद्यावर टाकून निघून गेले.

त्याच दिवसांत मला ओकादाबाईंना घेऊन मैनाबाईंच्या गावाकडे जायचं होतं, ऐनाचं जंगल दाखवायला. जीपमध्ये मी त्यांना सांगितलं, की तुमच्या बोलण्याचं असं झालं. आधी त्यांना कळलं नाही. पुन्हा सांगितलं. त्या म्हणाल्या, "पण मी तसं म्हटलंच नव्हतं. माझं बोलणं संपलं नव्हतं. मला त्यांच्या घरी न्या."

मैनाबाईंच्या अंगणात दोन गावांतली माणसं बसली होती. तळ्याच्या मासोळीवरून भांडण होतं. मैनाबाई मधे उभ्या राहून बोलत होत्या. गोंडीत. ऑफिसातल्या मैनाबाई मी दोन वर्षं बघत होतो. खाली मान, हळू आवाज. या बाई मी कधी बघितल्याच नव्हत्या. एकाला त्यांनी बोट दाखवून गप्प केलं, दुसऱ्याला हसवलं, तिसऱ्या म्हाताऱ्याला काहीतरी विचारलं आणि त्याचं उत्तर पूर्ण होईपर्यंत थांबल्या. दसरूभाऊ चुलीशी चहा करत होते.

माणसं गेल्यावर आम्ही बाजेवर बसलो. ओकादाबाई बोलू लागल्या. त्यांचं इंग्रजी मी मराठीत करायचो. माझं मराठी दसरूभाऊ गोंडीत करायचे. मैनाबाईंचं उत्तर उलट्या वाटेने परत यायचं.

"माझे वडील त्या नाटकात होते," ओकादाबाई म्हणाल्या. "जन्मभर त्यांनी बाहुलीचे पाय चालवले. फक्त पाय."

हे गोंडीत पोचलं. मैनाबाईंनी काही विचारलं. दसरूभाऊ म्हणाले, "ते पुसते, जन्मभर पायच काऊन? डोकं काऊन नाई देल्लं त्यायले?"

ओकादाबाई हसल्या. म्हणाल्या, आधी पाय शिकायचे, मग डावा हात, आणि सगळ्यात शेवटी डोकं आणि उजवा हात. वर्षानुवर्षं लागतात. वडिलांची पाळी डोक्यापर्यंत आलीच नाही. त्याचं त्यांना दुःख नव्हतं.

मग त्यांनी दसरूभाऊंचा दुपट्टा मागितला. एका टोकाला गाठ मारून डोकं केलं, दोन कोपरे हात म्हणून आणि खालचे दोन पाय म्हणून सोडले. मला डावा हात धरायला लावला. दसरूभाऊंना खाली वाकवून पाय दिले. स्वतः डोकं धरलं. आम्ही निघालो आणि लगेच दसरूभाऊंचं कपाळ माझ्या गुडघ्यावर आपटलं. मैनाबाई तोंडाला पदर लावून हसल्या.

"तुम्ही दोघं घाई करता," ओकादाबाई म्हणाल्या. "माझ्याकडे बघा. मी आधी मान हलवते. ती खूण. खूण मिळाली की मगच पाय." त्यांनी गाठ जराशी वळवली, थांबल्या, आणि आम्ही हललो. या वेळी दुपट्टा खरोखर चालल्यासारखा वाटला. चार पावलं असतील.

मग त्यांनी दुपट्टा सोडला आणि मैनाबाईंकडे हात केला. म्हणाल्या, "डोकं." दसरूभाऊंकडे हात केला. "पाय."

मी मराठीत सांगितलं. ओकादाबाई पुढे बोलल्या.

"मी सभेत खिडकीशी होते. बाजूने बघत होते. लहानपणी मी वडिलांचं नाटक विंगेतूनच बघायचे. यांची मान कलते तेव्हा समोरच्यांना वाटतं, या ऐकत आहेत. पण बाजूने यांचा गळा दिसतो. दर वेळी आधी यांचा गळा हलतो. नंतर हे बोलतात. उत्तर देताना हे एकदाही आधी बोलले नाहीत. तुमच्या साहेबांना मी तेच सांगणार होते. बाहुली खुर्चीवर नव्हतीच. बाहुली म्हणजे ते शब्द. चालवणारी खुर्चीवर होती."

मी हे सगळं भाषांतर करून दसरूभाऊंकडे बघितलं. त्यांना काही विशेष वाटलेलं दिसलं नाही.

"मंग? दुसरं काय होते?" ते म्हणाले. "ते गोंडीत सांगते, मी मराठीत करून सांगतो."

"आणि देवरावभाऊ बोलतात तेव्हा?"

"तेव्हा त्यायचं गोंडीत करतो. तहकूब म्हंजे काय, अनुषंगानं म्हंजे काय. कई शब्द तं मलेच समजत नाई, साहेब. मंग थोडा अंदाज लावतो."

"हे कधी सांगितलं का नाही ऑफिसात?"

"कोनी पुसलं नाई. सगळे प्रॉम्प्टर म्हनत. मले वाटलं, यालेच प्रॉम्प्टर म्हनत असतील."

मैनाबाईंना बाजारापुरती मराठी येत होती. भाव करता यायचा, पाहुण्याला बसा म्हणता यायचं. त्यावरून आम्ही सगळ्यांनी धरलं होतं, की मराठी येते पण बाई लाजतात, आणि नवरा सांगेल ते ऐकतात. आता त्या स्वतः माझ्याकडे बघून मराठीत म्हणाल्या, "त्या बोलीत मी बोलतो तं अर्धंच निघते. अर्धं पोटात राह्यते."

हे मला समजावून सांगायची गरज नव्हती. माझे वडील वरोऱ्याला गाद्या भरायचे, पिंजारी. घरात आम्ही हिंदी बोलायचो. शाळेत पहिल्या वर्षी मी वर्गात तोंड उघडायचो नाही. गुरुजींना वाटलं असतं पोरगं ढ आहे, तर मी आज गादीच भरत असतो. पण ते म्हणाले, "आधी तुझ्या बोलीत सांग. मग आपण दोघं मिळून त्याची मराठी करू." माझी बी. ए. तिथून सुरू झाली. ते गुरुजी आता नाहीत. त्यांचे उपकार फेडायची संधी अशी बाजेवर बसल्या-बसल्या समोर येईल, असं वाटलं नव्हतं.

"बाई, मग सभेत गोंडीतच बोला ना," मी म्हणालो.

दसरूभाऊंनी ते गोंडीत केलं नाही. तेच दचकले. "सभेत? सभेत गोंडी कोन बोलते?"

"बोलायची नाही, असं कुठे लिहिलेलं मी वाचलेलं नाही."

"लिहिलं नाई, पन कोनी बोलत बी नाई."

मैनाबाईंना तेवढं मराठी समजलं होतं. त्यांनी चहाचा कप उचलून माझ्या हातात दिला आणि दसरूभाऊंना दोन शब्द बोलल्या.

"काय म्हणाल्या?"

"म्हनते, पाहू."

ऑफिसात परतल्यावर मी साहेबांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "शेख, सभापती येतात आणि जातात. तुमचा गोपनीय अहवाल मी लिहितो." गोपनीय अहवाल म्हणजे वर्षाच्या शेवटी साहेब हाताखालच्या माणसाबद्दल जे लिहितो ते. त्यावर बढती ठरते. मी म्हणालो, "हो सर." पण सभेच्या दिवशी सकाळी विश्रामगृहावर पीठासीन अधिकाऱ्यांना कागद द्यायला गेलो, तेव्हा विचारलंच.

"सर, सभापती गोंडीत बोलल्या तर चालेल?"

ते पोहे खात होते. "नियमात आहे?"

"आहे असंही नाही. नाही असंही नाही."

"मग आत्तापासून कशाला? वेळ आली की बघू."

सभा भरली. मागची लोखंडी खुर्ची काढून टाकली होती. मैनाबाईही आज मंचावर नव्हत्या, खाली सदस्यांच्या रांगेत बसल्या होत्या. दसरूभाऊ बाहेर व्हरांड्यात खिडकीशी उभे होते. शेजारी ओकादाबाई. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, पण एकाच गजाला धरून उभे होते.

देवरावभाऊ सभेत पुस्तकी मराठी बोलायचे. "सन्माननीय सदस्यहो, लोकशाहीमध्ये पद हे शोभेचे नसते. सात समुद्रापलीकडून आलेल्या विदुषींनासुद्धा एका दृष्टिक्षेपात दिसले, की येथे बाहुली विराजमान आहे. मग आपणांस का दिसू नये?" बाकं वाजली. बरीच वाजली. ठराव मंजूर होईल असं दिसत होतं.

पीठासीन अधिकारी म्हणाले, "सभापतींना काही बोलायचं आहे?"

मैनाबाई उभ्या राहिल्या. सवयीने मान डावीकडे गेली. तिथे कोणी नव्हतं. मला वाटलं, संपलं.

त्यांनी मान सरळ केली. "तुमी म्हनता मी बोलत नाई," त्या मराठीत म्हणाल्या. "आता बोलतो." आणि पुढे गोंडी सुरू झाली. अंगणातला तोच आवाज.

देवरावभाऊ ताडकन उठले. "हरकत आहे! सभागृहास समजेल अशा भाषेत..."

"कोनाले नाई समजून राह्यलं?" मागच्या रांगेतून बिरजूभाऊ म्हणाले. सगळ्यात वयस्कर सदस्य, देवरावभाऊंच्याच गटातले. ठरावावर त्यांचीही सही होती. "ज्याले समजत नाई त्यानं हात वर करा."

सदस्यांतून एकही हात वर गेला नाही.

"देवरावभाऊ, आमच्या गावात मोहफुलं घेता तेव्हा तं गोंडीतच भाव पाडता. आज काऊन इसरले?"

हशा पिकला. देवरावभाऊही अर्धवट हसले. पीठासीन अधिकाऱ्यांनी आमच्या साहेबांकडे बघितलं. "तुम्हाला येते गोंडी?"

"नाही सर."

"शेख, तुम्हाला?"

"नाही सर."

"मलाही नाही. मतदान आपण तिघं करणार आहोत का? नाही ना? बोला बाई."

पुढचं मला एक अक्षर कळलं नाही. मी पेन घेऊन बसलो होतो आणि ओकादाबाईंनी पहिल्या दिवशी केलं तेच केलं. पेन खाली ठेवलं आणि बघत राहिलो. बाई एकेका सदस्याकडे वळून बोलत होत्या. कोणी मान हलवली, कोणी खाली बघितलं. एका ठिकाणी सगळे एकदम हसले आणि सगळ्यांनी खिडकीकडे बघितलं. दसरूभाऊंनी गज सोडला, दुपट्ट्याने तोंड पुसलं आणि ते ओकादाबाईंच्या मागे सरकले. त्यांच्या बारीक अंगामागे दसरूभाऊंएवढा उंच माणूस लपत नाही.

हात वर करून मतदान झालं. ठरावाच्या बाजूने पुरेसे हात वर गेले नाहीत. बिरजूभाऊंचा हात मांडीवरच राहिला. आणखी काही जणांचा तसाच. ठराव पडला. देवरावभाऊंनी भाषणाचा कागद घडी करून खिशात घातला, मैनाबाईंजवळ गेले आणि म्हणाले, "जोहार बाई." त्याही म्हणाल्या, "जोहार भाऊ."

व्हरांड्यात ओकादाबाईंनी मला गाठलं. "काय बोलल्या त्या?" मी बिरजूभाऊंना गाठलं.

"मराठीत त्याची मजा नाई," ते म्हणाले. "पन सांगतो. बाई म्हने, मी बाहुली असती, आन् दसरू चालवत असता, तं दवाखाना आज देवरावभाऊच्या गावात असता. काऊन का दसरू रोज घरी मले म्हने, कायले भांडतं, देऊन टाक त्यायले, मोठे लोक आहेत, आपल्याले तरास देतील. रोज म्हने. मी नाई आयकलं. पुसा त्याले, थो खिडकीत उभा हाय."

"मग म्हणून हसलात?"

"मंग काय तं! आमी दसरूले लहानपनापासून ओयखतो. वाघ सोडा, बकऱ्याले भेते. थो कोनाले बाहुलीसारखं नाचवन?" बिरजूभाऊ पुन्हा हसले. मग म्हणाले, "आन् नाल्याचं सांगितलं. माही सून त्याच नाल्यातून खाटेवर नेली होती. ते बाईच्या ध्यानात होतं."

मी हे ओकादाबाईंना इंग्रजीत सांगितलं. मासा अडकलेल्या जाळ्यासारखी माझी वाक्यं इकडेतिकडे ओढली गेली, पण त्यांना पोचलं. त्यांनी दसरूभाऊंकडे वळून कमरेत वाकून नमस्कार केला. खूप खाली. दसरूभाऊ गोंधळले. त्यांना वाटलं, नमस्कार मागून आलेल्या सभापतीबाईंना असेल, म्हणून ते बाजूला झाले. ओकादाबाई पुन्हा त्यांच्याकडे वळून तशाच वाकल्या.

त्या सभेचं इतिवृत्त मीच लिहिलं. देवरावभाऊंचं भाषण दीड पान झालं. त्याखाली मी लिहिलं, 'सभापतींनी आपली बाजू मांडली.' त्यापेक्षा जास्त लिहिणं मला शक्य नव्हतं. साहेबांनी सही केली. माझ्या गोपनीय अहवालात त्यांनी 'समाधानकारक' लिहिलं. म्हणजे ना चांगलं ना वाईट. ते मनात धरणारे नव्हते.

उपकेंद्राची शिफारस आतल्या गावासाठीच गेली. इमारत उभी राहायला बराच काळ लागला, पण राहिली. देवरावभाऊंच्या गावासाठी पुढच्या खेपेला शिफारस झाली. ती मैनाबाईंनीच मांडली.

सभांमध्ये मात्र फरक पडला. आधी सदस्य आपापला विषय पुस्तकी मराठीत वाचून दाखवायचे आणि जेवायच्या आत सभा आटपायची. आता बाई गोंडीत विचारायच्या आणि सदस्य गोंडीत उत्तर द्यायचे. ज्यांनी कधी तोंड उघडलं नव्हतं असे दोघं-तिघं भांडायला लागले. एकाने तर रोजगार हमीच्या कामावरून साहेबांनाच धारेवर धरलं. आम्ही गोंडी येणारा एक ग्रामसेवक शेजारी बसवून घ्यायला लागलो, नाहीतर काय ठरलं ते आम्हालाच कळायचं नाही. दुपारचा डबा चार वाजता उघडायची वेळ आली.

एकदा साहेब वैतागून म्हणाले, "शेख, हे तुमचं काम. पूर्वी सभा किती छान पार पडायची!"

खरं होतं ते. पुढे नोकरीत मी बऱ्याच तालुक्यांत बऱ्याच सभा बघितल्या. ज्या छान पार पडायच्या, त्यांत बहुतेक काही झालेलं नसायचं.